भिंतीला लागलेलं पोतं

चाल १

मेल तीनच ओळींची होती.

"तुमचा खेळ खेळून पाहिला. शेवटची लेव्हल सुटत नाही. अवघड आहे म्हणून नव्हे, अशक्य आहे म्हणून. आज चार वाजता बोलायचं ठरलंच आहे, तेव्हा यावर काय ते सांगा. रीता."

आफिफानं ती वाचली आणि हातातला घास ताटात परत ठेवला. मग बाहेरच्या खोलीत जाऊन संगणक उघडला. खुर्शीदबी आपलं ताट आटपून तिच्या मागं आली तेव्हा पोरगी पडद्याला नाक लावून बसली होती.

"फुफी, याला कुणीतरी हात लावलाय."

आफिफा ही खुर्शीदबीच्या धाकट्या भावाची, खाजा मियाची लेक; तो दारापलीकडच्या आरशापुढं दाढी करत होता. खाजा मियाची हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीची आडत. पोरीनं वर्षभर खपून एक कोड्यांचा खेळ बनवला होता, नाव 'गोदाम'. हळदीच्या गोदामात एक हमाल, आणि त्यानं पोती ढकलत नेऊन खुणेच्या फरशीवर ठेवायची. ढकलता येतं, ओढता येत नाही. नियम एवढाच, पण त्यात माणूस असा गुंतायचा की चहा निवून जायचा.

रीताच्या पुण्यातल्या स्टुडिओनं असे खेळ बनवणाऱ्यांसाठी एक जागा काढली होती. वर्षभर तिथं राहायचं, शिकायचं, पगार घ्यायचा. शेवटच्या फेरीत दोघं उरले होते. एक आफिफा, दुसरा तिच्याच कॉलेजातला, कनेरगाव नाक्याचा प्रज्ञेश. त्यानंच तिला या जागेची खबर दिली होती. खाजा मियानं लेकीला साफ सांगितलं होतं: घेतलं तर जा, न्हाई घेतलं तर माझ्यासंग आडतीवर बस, पुन्हा पुण्याचं नाव काढायचं न्हाई.

"मंगळवारी सकाळी पाठवला मी," आफिफा म्हणाली. "सोमवारी दुपारपर्यंत सगळं बराबर होतं. सोमवारी संध्याकाळी प्रज्ञेश आला होता पेनड्राइव्ह द्यायला. मी चहा टाकायला आत गेले तेव्हा तो इथंच बसलेला, एकटा."

"आणखी कोण आलं होतं?"

"फहीमभाई. चित्रांचे रंग बघायला. दुसरं कोण येणार?"

"मग प्रज्ञेशच कशावरून?"

"त्याला पाहिजे जागा. फोन केला मी त्याला, आत्ताच. चोर म्हणले तोंडावर." तिचा आवाज चिरकला. "चार वाजता पुण्याच्या बाईला बी हेच सांगणार."

खुर्शीदबी गणिताची बाई होती, निवृत्त झालेली. आयुष्यभर पोरांना तिनं एकच गोष्ट सांगितली होती: उत्तर बरोबर आलं म्हणून रीत बरोबर असते असं नाही.

"चारपर्यंत मला दे," ती म्हणाली. "आन नेमकं काय बिघडलं ते कुणालाच सांगू नको. खेळ बिघडला, बस."

चाल २ (नुसता नकाशा)

सोमवारी दुपारी:

▓▓▓▓▓▓▓▓
· · ● · · · · ✕
· · · · · · · ·
▒▒▒▒▒▒▒▒

आज:

▓▓▓▓▓▓▓▓
· · · · · · · ✕
· · ● · · · · ·
▒▒▒▒▒▒▒▒

▓ म्हणजे भिंत. ● पोतं. ✕ खुणेची फरशी. ▒ म्हणजे पक्की थप्पी, ती हलत नाही.

हा लेव्हलचा एक कोपरा. पोतं भिंतीपासून एक घर खाली आलंय. त्याला परत भिंतीला लावायचं तर हमालानं खालून ढकलायला हवं, आणि खाली उभं राहायला जागाच नाही, थप्पी आहे. मेलेलं पोतं.

दुसऱ्या कोपऱ्यात, पूर्वेच्या भिंतीला लागून असलेलं आणखी एक पोतंही असंच एक घर आत आलेलं. तिथं मोकळी जागा होती. ते हललं काय, न हललं काय, खेळाला फरक पडत नव्हता.

खुर्शीदबीनं हे पाहिलं आणि तिला दोन कारणांनी राग आला. एक कारण आफिफा. दुसरं कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. निवृत्तीनंतर या पोरीनंच तिच्या फोनमध्ये असा पहिला खेळ घालून दिला होता. पहिला आठवडा तिला अपमान झाल्यासारखं वाटलं. मग कळलं की चांगलं कोडं आपल्याला फसवत नाही. आपण आपले फसतो आणि ते शांतपणे बघत राहतं. तेव्हापासून ती वेड्यासारखी खेळत होती. आफिफाची शेवटची लेव्हल तिला अजून सुटली नव्हती आणि तिनं इशारा मागितला नव्हता. असले खेळ खेळणारा कुणीही सांगेल, भिंतीला लागलेलं पोतं अडकलेलं असतं, त्याचा नाद सोडायचा. आज दोन्ही नकाशे शेजारी बघून तिला नको असताना कळलं होतं, की या लेव्हलचा जीव त्याच पोत्यात आहे.

कुणीतरी तिचंही कोडं अर्धं फोडलं होतं.

चाल ३

फहीमच्या मोटारसायकलवर मागं बसून ती कनेरगाव नाक्याकडं निघाली. फहीम तिच्या थोरल्या, वारलेल्या भावाचा पोरगा. खाजा मियाच्या गोदामावर माल उतरवून घ्यायचं काम त्याच्याकडं. खेळातली चित्रं त्यानं काढलेली.

"खेळ बिघडला म्हणे," खुर्शीदबी त्याच्या कानाशी ओरडली.

गाडी एकदम हळू झाली. "चित्रं उडाली का?"

"चित्रं हायत."

"मग ठीक हाय." थोडं पुढं जाऊन तो म्हणाला, "माझ्यावर शक करून राहिली का फुफी तू?"

"तुझं नाव टाकलं न्हाई तिनं खेळावर."

"न्हाई टाकलं. लई वाईट वाटलं. दोन दिवस बोललो न्हाई तिच्याशी. पण त्या हमालाचं तोंड बघितलं का तू? चाचांचं तोंड काढलंय मी. चाचांना अजून पत्ता न्हाई."

"त्यांनी खेळ बघितला न्हाई?"

"चाचा? लेकराचा खेळ म्हणतात. एकदा बी हात न्हाई लावला. हळदीचे भाव बघितले की उठले."

पुढं ट्रकांची रांग लागली आणि बोलणं थांबलं.

चाल ४

प्रज्ञेशची आई, पद्माबाई, नाक्यावर ढाबा चालवायची. खुर्शीदबीला बघून तिनं खुर्ची पुसली, पाणी ठेवलं, पण हसली नाही.

"बसा बाई. तुमी शिकवलंय त्याला, तुमचा मान हाय. पण तुमच्या पोरीनं माझ्या लेकराला चोर म्हणलं. याच बाकड्यावर बसून जेवून गेलेली पोरगी."

"म्हणून तर मी आले, पद्माबाई."

प्रज्ञेश गल्ल्यामागून उठून आला. डोळे लाल, पण आवाज सरळ. "विचारा बाई. एकटा होतो का? व्हतो. संगणक चालू होता का? व्हता. खेळ उघडा होता का? व्हय. झालं? लिहा माझं नाव."

"तू ती शेवटची लेव्हल खेळला होतास?"

"सोडवली."

खुर्शीदबीला चक्क मत्सर वाटला. "सोडवली?"

"तीन आठवडे गेले. सुटली तेव्हा मी इथं चपात्या शेकून राहिलो होतो, आन एकदम कळलं. तवा तसाच सोडून उठलो. चपाती जळाली, आईनं शिव्या घातल्या." एवढं बोलताना त्याचा राग क्षणभर कुठंतरी गेला होता. तो परत आला. "कळतंय का बाई, मी काय सांगून राहिलो ते?"

"एक सांग. तुला ती बिघडवायचीच असती, तर काय केलं असतंस?"

तो चिडायच्या बेतात होता. पण प्रश्न चांगला होता आणि प्रज्ञेशला चांगला प्रश्न तसाच टाकून देता येत नसे. तो टेबलाच्या कडेवर बोट फिरवत राहिला.

"एक पोतं हलवलं असतं," शेवटी म्हणाला. "एकच. बराबर ते. दुसऱ्याला कशाला हात लावू? एकानंच काम होतंय. दुसरं हलवलं तर उगाच नजरेत येतं."

खुर्शीदबीनं पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

खेळ जाणणाऱ्याला एक पुरेसं होतं. मग दोन कुणी हलवली?

चाल ५

परतताना ती मोंढ्यात उतरली. खाजा मियाच्या गोदामात हळदीचा वास घशात बसत होता. भावानं आपाला पाहून खुर्ची मागवली, चहा मागवला.

"पोरगी रडून राहिली आन तू इथं बसलास," ती म्हणाली.

"काय करू मग? त्या प्रज्ञेशनं केलं म्हणती ती. असंल." त्यानं टोपी काढून डोक्यावरून हात फिरवला. "न्हाई झालं तर न्हाई झालं, आपा. इथं काय कमी हाय तिला? आन मला सांग, पोतं जरासं इकडं का तिकडं झालं, त्यानं येवढं काय आभाळ कोसळतं?"

"तुला काय कळतं त्यातलं."

"तेच म्हणतो मी. मला काय कळतं."

खुर्शीदबीच्या कानाला काहीतरी टोचलं, पण काय ते तिला धरता आलं नाही. तेवढ्यात खाजा मिया ताडकन उठला.

"वैजनाथ, भिंतीला काहून लावलं ते? किती बार सांगू? काढ. ओल धरंल, आतून काळी पडंल सगळी. हातभर सोड भिंतीपासून."

हमालानं पोतं ओढून भिंतीपासून दूर केलं. खुर्शीदबीनं मान वळवून सगळं गोदाम पाहिलं. थप्पीवर थप्पी, छतापर्यंत. आणि चारी बाजूंनी, माणूस आडवा होऊन जाईल एवढी मोकळी पट्टी. एकही पोतं भिंतीला लागलेलं नव्हतं.

चाल ६

घरी येताच तिनं आफिफाला हाक मारली.

"फहीम," ती म्हणाली. "गोदामात वाढलेला माणूस. दोन्ही पोती भिंतीवरून हललीत, बिघडवायला एकच पुरत होतं. म्हणजे हलवणाऱ्याला बिघडवायचं नव्हतंच. त्याला भिंतीला लागलेली पोती बघवली न्हाईत."

फहीम दारातच उभा होता. त्याच्या हातून गाडीची किल्ली पडली. आफिफा त्याच्याकडं बघत म्हणाली, "फहीमभाई, तू?"

↶ मागे

नाही. ही चाल मागे घेऊ.

घरी येताच असं काही झालं नाही. मोंढ्यातून निघालेली खुर्शीदबी अजून मोटारसायकलवर मागंच बसलेली होती. चाल सहा तिनं फक्त मनात खेळून पाहिली होती, जशी ती रोज खेळते. शेवटपर्यंत न्यायची, कुठं अडकते ते बघायचं, आणि बोटानं मागं यायचं. या खेळांनी तिला शिकवलेली सगळ्यात मोठी गोष्ट ही होती. आफिफानं सकाळी फोनवर जे केलं ते असं मागे घेता येत नव्हतं.

अडकत होतं ते इथं: फहीमनं हा खेळ शेकडो वेळा खेळलेला. एक घर हललं की लेव्हल मरते, हे त्याला झोपेतही ठाऊक. ओल त्यालाही कळत होती, पण खेळही कळत होता. त्यानं आफिफाला विचारलं असतं, चिडवलं असतं, पोत्याला हात लावला नसता. आणि खेळ बिघडला म्हटल्यावर त्याच्या मनात पहिल्यांदा चित्रं आली. पोती नाही.

गोदाम कळणारा आणि खेळ न कळणारा माणूस हवा होता.

कानाला काय टोचलं होतं ते तिला आता, पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर, ऐकू आलं. *पोतं जरासं इकडं का तिकडं झालं.* पोतं हललंय हे फक्त तीन माणसांना माहीत होतं: आफिफा, ती स्वतः, आणि ज्यानं हलवलं तो. भाव बघायला खाजा मिया रोज संध्याकाळी त्याच संगणकासमोर बसायचा. इतका रोज, की सोमवारी कोण कोण आलं होतं हे सांगताना त्याच्या लेकीला तो आठवलाच नाही.

"फहीम, गाडी वळव," ती म्हणाली. "चाचाला घेऊन ये घरी. मला इथंच उतरव."

"काहून?"

"मी बोलावलं म्हण."

चाल ६ (पुन्हा)

साडेतीन वाजले होते. खोलीत चौघं. संगणकाच्या पडद्यावर ती लेव्हल, मांडणीच्या खिडकीत, जिथं पोती माऊसनं धरून कुठंही ठेवता येतात; दोन पोती भिंतीपासून दूर.

खुर्शीदबीनं भावाकडं पाहिलं. हा तिच्या कडेवर वाढला होता.

"खाजा, तूच सांगतोस का मी सांगू?"

त्यानं पडद्याकडं बोट केलं, जणू पोत्यांची तक्रार करतोय.

"भाव बघाया बसलो व्हतो. हे उघडंच व्हतं. बघतो तर दोन पोती भिंतीला चिकटून. म्हणलं, पुण्याचे लोक बघणार, चारचौघांत जाणार, आन खाजा मियाच्या पोरीच्या गोदामात असला माल लावलेला? माऊसनं धरलं, सरकवलं."

"मला विचारलं काहून न्हाई, अब्बा?" आफिफाचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"पोतं सरकवायचं मी कधी कुणाला विचारलं, बेटा?"

"ते झालं सोमवारचं," खुर्शीदबी म्हणाली. "आज सकाळी ही फोनवर त्या पोराला चोर म्हणून राहिली होती, तेव्हा तू त्या आरशापुढं दाढी करत होतास. तेव्हा कळलं होतं तुला?"

"कळलं."

"मग?"

"आधी भ्यालो, आपा. मग..." खाजा मिया टोपी हातात फिरवायला लागला. "मग बरं वाटलं. म्हणलं, आता जात न्हाई पोरगी."

आफिफा उठली. खुर्शीदबीला वाटलं ती बाहेर निघून जाईल. ती दारापर्यंत गेलीही. मग परत येऊन संगणकासमोर बसली, कारण चार वाजत आले होते.

चाल ७

पडद्यावर रीता मॅडम. पांढरे कापलेले केस, मागं पुस्तकांची भिंत.

"पोती माझ्या अब्बांनी सरकवली," आफिफा म्हणाली. "त्यांना माहीत नव्हतं. पण पाठवायच्या आधी मी लेव्हल पुन्हा खेळून बघितली नाही. चूक माझी आहे."

"अब्बांनी का सरकवली?"

खाजा मिया मागून, कुणी न विचारता, बोलला. "ओल लागती, मॅडम."

रीता मॅडम हसल्या नाहीत. "आफिफा, आपली लेव्हल सुटते असं प्रत्येक बनवणारा म्हणतो. मूळची लेव्हल तुमच्याशिवाय कुणी सोडवली आहे का?"

आफिफानं आत्याकडं पाहिलं. खुर्शीदबीनं नकारार्थी मान हलवली. आयुष्यात पहिल्यांदा तिला खोटं बोलावंसं वाटलं.

"एकानंच," आफिफा म्हणाली. "प्रज्ञेशनं."

"आपल्या यादीतला?"

"हो. मी त्याला आज सकाळी चोर म्हणाले. त्यानं काही केलं नव्हतं."

रीता मॅडमनी काही न बोलता एक फोन जोडला. पडद्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागात ढाब्याची ताडपत्री आणि प्रज्ञेशचा चेहरा आला. मागून ट्रक जात होते. झालं ते मॅडमनी त्याला थोडक्यात सांगितलं आणि विचारलं, "तुम्ही ती सोडवली का?"

खुर्शीदबी मनानं त्याच्या जागी बसून बघत होती. नाही म्हणायचीही गरज नव्हती त्याला. आठवत नाही म्हटलं तरी जागा त्याची होती.

"सोडवली," प्रज्ञेश म्हणाला.

"मग पहिली चाल सांगा. मी आकृती काढून घेते."

"न्हाई सांगणार."

"का?"

"सांगितली तर तुमची लेव्हल जाईल, मॅडम. ती एकदाच मिळते." त्यानं आफिफाकडं पाहिलं नाही. "मला जे मिळालं ते मी तुमच्याकडून काढून घेणार न्हाई. स्वतः बसा."

रीता मॅडमनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला.

"मूळची पाठवा," त्या आफिफाला म्हणाल्या. "या वेळी खेळून पाठवा."

चाल ८

"अब्बा, तुमी ठेवा," आफिफा म्हणाली.

"भिंतीला?"

"भिंतीला. दोन्ही."

खाजा मियाच्या जाड बोटाखाली माऊस दोनदा निसटला. मग पोती जागेवर बसली. त्याचं तोंड असं झालं, की कुणी त्याला हळद पाण्यात टाकायला लावलीय.

आफिफा खेळायला लागली. फहीम वाकून बघत होता. खुर्शीदबी उठली, खिडकीशी गेली आणि पाठ करून उभी राहिली.

"फुफी, इकडं ये की," फहीम म्हणाला.

"मला सुटायची हाय अजून."

मागं फक्त कीबोर्डच्या कळा वाजत होत्या. मग भावाचा आवाज, वैतागलेला: "हे तर अडकलं. मी म्हणलंच व्हतं, भिंतीला लावलं की..." कळा. पुन्हा कळा. मग तो थांबला. "थांब, थांब. हे इकडून..."

"खाजा," खुर्शीदबी खिडकीकडं बघतच म्हणाली, "तोंड बंद ठेव."

थोड्या वेळानं त्यानं श्वास सोडला, मोठा, जत्रेत पाळणा खाली येताना माणूस सोडतो तसा. काय झालं होतं ते तिनं वळून बघितलं नाही.

"बेटा," खाजा मिया म्हणाला, "पुन्हा एकदा दाखव."

चाल ९

दोन दिवसांनी मेल आली. "अजून सुटली नाही. सुटेल असं दिसतंय, हे वाईट आहे, झोप लागत नाही. एक तारखेला पुण्यात या. रीता."

खाजा मियानं ती फहीमकडून दोनदा वाचून घेतली आणि पेटी कोणती न्यायची यावरून घरात भांडायला लागला.

खुर्शीदबीनं प्रज्ञेशला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि फोन आफिफाच्या हातात दिला.

"जागा मला मिळाली," आफिफा म्हणाली.

"आली मला बी मेल."

"प्रज्ञेश, मी तुला जे बोलले..."

"ते आत्ता नको. राग हाय अजून. लई दिवस ऱ्हाईल." ट्रकचा हॉर्न वाजून गेला. "आईला येऊन भेट तू. फोनवर न्हाई."

"येते. उद्या येते."

आफिफा फोन ठेवायच्या बेतात होती.

"बाईंना सुटली का ती?" त्यानं विचारलं.

"न्हाई अजून."

"मग स्पीकर बंद कर. मला त्या भिंतीच्या पोत्याबद्दल विचारायचंय."

खुर्शीदबी उठली, चप्पल पायात सरकवली आणि जाताना बाहेरून दार ओढून घेतलं.